ताईच्या दाराची पाटी

पाटीवाल्यांचे हात थरथरायला लागून वर्ष होऊन गेलं, तरी घराबाहेर कुणाला त्याचा पत्ता नव्हता. बायकोला ठाऊक होतं, कारण बशीत कप कसा वाजतो हे तिच्यापासून लपवणार कसं? डॉक्टरलाही ठाऊक होतं. पण डॉक्टरचं काय, त्याच्याकडे येणाऱ्या प्रत्येकाचं काही ना काही हलतच असतं. त्याने गोळ्या लिहून दिल्या, वय झालं की होतं म्हणाला आणि पुढच्या पेशंटला आत बोलावलं.

पाटीवाले म्हणजे लाकडात अक्षरं कोरणारे. लोकांच्या दारावर नावाच्या पाट्या करण्यात त्यांचं आयुष्य गेलं. गंमत बघा, त्यांच्या स्वतःच्या दारावर मात्र पाटी नाही. करू, करू म्हणत राहूनच गेली. त्यासाठी बाजूला काढलेली सरळ रेषांची, छान वाळलेली फळी माळ्यावर पडून होती. आणि मग एके दिवशी कुणाच्या तरी आडनावातल्या वेलांटीवर पटाशी घसरली, वेलांटीचा तुकडा उडाला, आणि पाटीवाल्यांनी हत्यारांना तेल लावून ती फडक्यात गुंडाळून ठेवली. गिऱ्हाइकांना सांगितलं, पाठ दुखते. पाठ दुखते म्हटलं की कुणी पुढे विचारत नाही.

बाकी जगाचं काही नव्हतं हो. खरी पंचाईत होती ती ताईची.

ताई म्हणजे त्यांची थोरली बहीण. आई लवकर गेली आणि ह्यांना ताईनेच वाढवलं. पाटीवाल्यांनी धंदा सुरू केला तेव्हा ते कोरायचे आणि ताई उंबऱ्यात बसून पॉलिश पेपरने घासायची. घासून झालं की डोळे मिटून अक्षरांवरून बोट फिरवायची. बोटाला कुसळ लागलं की पाटी परत. पुढे तिचं लग्न झालं, मुलगा झाला, म्हातारपण आलं आणि डोळे हळूहळू गेले ते गेलेच. पाटीवाले दर रविवारी तिच्याकडे जायचे. डोळे गेल्यापासून तिची एक सवय झाली होती. भाऊ आला की आधी त्याचे दोन्ही हात आपल्या हातात घेऊन बसायची. तोंडाने खोटं बोलता येतं, हातांनी कसं बोलणार? म्हणून हात हलायला लागले तसं पाटीवाल्यांनी जाणंच बंद केलं. आज पाहुणे आहेत, आज अंगात कणकण आहे, आज काय अन् उद्या काय. फोनवर ताई "बरं" म्हणायची. त्या "बरं"चा त्यांना फार त्रास व्हायचा. लाज वाटायची स्वतःची, आणि तरी पाय निघायचा नाही.

आणि अशात भाच्याचा फोन आला.

"मामा, वाईट वाटून घेऊ नका," भाचा म्हणाला, "पण मी दाराला बाहेरून कडी लावायचं ठरवलंय."

झालं होतं असं. ताईचं घर तिसऱ्या मजल्यावर. लांबलचक गॅलरी आणि ओळीने एकसारखी दारं. सकाळी गॅलरीतून भिंतीला हात लावत फेरी मारायची, हा ताईचा एकुलता एक विरंगुळा. पण परतताना दार चुकायचं. एकदा शेजारच्यांच्या घरात शिरून ती त्यांच्या पलंगावर निवांत आडवी झाली, आणि त्या घरातल्या सुनेने किंकाळी फोडली. भाच्याने दाराच्या मुठीला फडकं बांधून पाहिलं, झाडूवाली सोडून न्यायची. रंगीत चिकटपट्टी लावली, ती निघून आली. शेजाऱ्यांच्या पाट्या सगळ्या छापील, गुळगुळीत. बोटाला सगळ्या सारख्याच.

"सोमवारपासून माझी शिफ्ट बदलतेय. दिवसभर घरात कुणी नाही. कडी आणून ठेवलीय," भाचा म्हणाला. त्याचा आवाज पडला होता. "माझ्याही जिवावर येतंय हो. पण ती जिन्यावरून पडली तर?"

पाटीवाले कधी नव्हे ते घाईने बोलले. "थांब. उठावाच्या अक्षरांची पाटी करून देतो. बोट लावलं की कळेल तिला. एक पाटी लाव आणि मग बघ."

"सोमवारच्या आत?"

"आत."

फोन ठेवला आणि त्यांनी आपल्या हातांकडे पाहिलं. बायकोनेही पाहिलं. "बोललात खरं," ती म्हणाली.

बाजारात अशा पाट्या मिळतात, नाही असं नाही. पण ताईच्या दारावर दुसऱ्याच्या हातची पाटी? पाटीवाल्यांनी गुंडाळलेली हत्यारं सोडली, एका रद्दी तुकड्यावर पटाशी धरली आणि पहिल्याच ठोक्याला अंगठ्याची साल काढून घेतली. बायकोने हळद लावली, पट्टी बांधली, आतल्या खोलीत गेली आणि परगावी असलेल्या लेकीला फोन करून वर्षभराचं सगळं सांगून टाकलं. पाटीवाल्यांना ते ऐकू येत होतं. उठून अडवायचंही त्राण नव्हतं.

लेक रडली नाही, रागावलीही नाही. तिने एक खोकं पाठवलं. तिच्या ऑफिसातल्या कुणीतरी हौसेने सीएनसी राउटर घेतला होता आणि हौस फिटल्यावर तो पलंगाखाली सरकवला होता. हौशी लोकांचं छोटं मशीन. कॉम्प्युटरवर आकृती काढायची आणि मशीनचं फिरतं पातं ती लाकडात कोरतं. सांगायला एवढंच.

करायला मात्र जीव मेटाकुटीला आला. खोक्यात निम्मं मशीन उभं होतं, निम्मं पिशव्यांमध्ये. स्क्रू एवढेसे की पाटीवाल्यांच्या बोटांतून टपकन खाली. बायको चष्मा नाकावर ओढून ते फरशीवरून वेचायची आणि बसवायची. "मला ब्लाउजला हूक लावायची सवय आहे, म्हणून निभतंय," ती म्हणायची. मग लेकीचा जुना लॅपटॉप उघडला. त्यात दोन सॉफ्टवेअर. एकात आकृती काढून पात्याने कुठून कुठे जायचं ते ठरवायचं, आणि दुसऱ्याने ते मशीनला वाचून दाखवायचं. त्या दुसऱ्याचं एकच पालुपद: मशीन जोडलेलं नाही.

लेक व्हिडिओ कॉलवरून सांगायची, बाबा हे उतरवून घ्या, ते चालू करा, आता बंद करून परत सुरू करा. पाटीवाल्यांचा हात माउसवर गेला की एकाऐवजी तीनदा दाबलं जायचं आणि पडद्यावर एकाच खिडकीची चार पिल्लं व्हायची. शेवटी माउस बायकोकडे गेला. अख्खी दुपार खपल्यावर लेक म्हणाली, "बाबा, ही वायर मशीनचीच ना?"

"तुझ्या आईच्या मोबाइलची आहे. बसली की व्यवस्थित."

लेकीने कपाळावर हात मारला. ती वायर नुसती चार्जिंगची होती. खोक्यातली खरी वायर कागदाच्या गुंडाळीत तशीच पडली होती. ती लावली आणि मशीनने एक बारीक हुंकार दिला.

जोडलं गेलं, पण उजवीकडे जा म्हटलं की डावीकडे जायचं. एका मोटरची जोडणी उलटी होती. ती सुलटी केली, तर पुढे सरकता सरकता डोकं चौकटीवर जाऊन धडकलं आणि कडकड वाजत राहिलं. बायकोने धावत जाऊन बटण दाबलं. मिलिमीटरचं माप सॉफ्टवेअरने इंचात वाचलं होतं. पाटीवाले भिंतीला टेकून खाली बसले. एका लाकडी तुकड्यावर दोन अक्षरं काढायला आयुष्यात त्यांना कधी एवढं दमायला झालं नव्हतं. "नको हे," ते म्हणाले. "कडी लागली तर लागू दे."

"असं ताईंना सांगून या आधी," बायको म्हणाली, "मग मी हे खोकं बांधते."

ते उठले.

अक्षरांवर मात्र ते अडून बसले. कॉम्प्युटरची तयार अक्षरं त्यांना नको होती. धंदा सुरू करताना त्यांनी एका जाड फळीवर सगळी मुळाक्षरं कोरली होती, गिऱ्हाइकांना दाखवायला. तिच्यावर पहिला पॉलिश पेपर ताईनेच फिरवला होता. त्या फळीचा फोटो काढून लेकीला पाठवला. तिने त्यातून अक्षरं उचलली, कडा साफ केल्या आणि शब्द जुळवून पाठवला: ताई. मजल्यावरचे सगळेच तिला ताई म्हणायचे, त्यामुळे प्रश्न मिटला.

माळ्यावरची ती ठेवणीतली फळी खाली आली. पाटीवाल्यांनी ती मशीनवर पकडींनी आवळली. पातं नेमकं लाकडाला कुठे टेकतं ते मशीनला सांगावं लागतं. त्यासाठी पात्याखाली कागद धरून हलवत राहायचं आणि कागद अडला की थांबायचं. पाटीवाल्यांच्या हातात कागद अडला की नुसताच फडफडतोय, काही कळेना. बायकोने कागद धरला. "अडला," ती म्हणाली, आणि काम सुरू झालं.

आधी जाड पात्याने अक्षरांभोवतीचं लाकूड खरवडायचं, मग मशीन थांबतं, आपण बारीक पातं लावायचं, आणि मशीन कडा साफ करतं. जाड पात्याचं काम नामी झालं. भुशातून "ताई" वर आली. पाटीवाले बघत उभे होते, आणि खरं सांगायचं तर बऱ्याच दिवसांनी त्यांना बरं वाटत होतं. मशीन थांबलं. बायको भाजी टाकायला आत गेली होती. शेजारच्या काकांना बोलावून त्यांनी बारीक पातं बदलून घेतलं, कागदही त्यांनाच धरायला लावला, आणि काका गेले. मग पाटीवाले वाकले आणि त्यांना दिसलं की अक्षरांच्या एका अंगाला लाकडाच्या रेषा उलट्या येताहेत आणि कुसळं उभी राहताहेत. अशा वेळी कोरणारा माणूस काय करतो? लाकूड फिरवतो. म्हणजे रेषा हत्याराच्या बाजूने येतात. आयुष्यभर त्यांनी तेच केलं होतं. त्यांनी पकडी सैल केल्या, फळी जागच्या जागी अर्धा फेरा फिरवली, नीट चौकटीला टेकवली, पकडी आवळल्या. अक्षरं आता डोकं खाली करून होती, पण त्याचं त्यांना काही नवल नव्हतं; उलटी अक्षरं कोरण्यात त्यांचा जन्म गेला होता. त्यांनी बटण दाबलं.

मशीनला कोण सांगणार की लाकूड फिरलंय? बारीक पातं सरळ ईच्या पोटातून गेलं, काना कापला, आणि जिथे मोकळी जागा समजत होतं तिथे अक्षरं होती, ती सगळी खरवडत सुटलं. पाटीवाल्यांना पहिल्यांदा काही उमगलंच नाही. उमगलं तोवर बटण शोधणारं बोट दोनदा चुकलं.

"काय केलंत तुम्ही मध्ये?" लेकीने फोनवर विचारलं.

"लाकूड फिरवलं."

"का?"

"रेषा उलट्या होत्या गं."

तिला रेषा काय ठाऊक, आणि ह्यांना मशीन काय ठाऊक. बायकोने भुसा झाडला. स्वतःच्या दारासाठी इतकी वर्षं जपलेली फळी कोपऱ्यात उभी केली आणि तिच्यावर फडकं टाकलं, दिसू नये म्हणून.

सोमवार तोंडावर आला होता. घरात तेवढी जाड, वाळलेली फळी आता एकच उरली होती: मुळाक्षरांची. पाटीवाल्यांनी ती खाली उतरवली आणि बराच वेळ मांडीवर घेऊन बसले. आता गिऱ्हाईक कुठलं यायला? बायकोने करवत धरली, त्यांनी फळी पायाने दाबली, आणि एक तुकडा कापून निघाला. त्याच्या मागच्या कोऱ्या बाजूवर मशीन लावलं. ह्या वेळी मशीन थांबल्यावर बारीक पातं बायकोने लावलं, आणि पाटीवाले खुर्चीत स्वतःचे दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसले. कुसळं उभी राहिली तरी हलले नाहीत. पाटी झाली. अक्षरं त्यांचीच, कडा सरळ, सगळीकडे सारखी उठलेली. वरवर घासली, वॉर्निश मारलं, आणि रविवारी दोघं ताईकडे गेले.

भाच्याने दार उघडलं. कपाटावर कडीचं पाकीट दिसत होतं. ताई खिडकीशी बसली होती.

"आला का बाळ?" ती म्हणाली. एवढं म्हातारं झाल्यावरही तो बाळच. "ये, हात दे."

पाटीवाल्यांनी तिच्या हातात पाटी दिली.

ताईची बोटं अक्षरांवरून फिरली. ता. ई. "आई गं, केवढं सुबक केलंयस रे," ती म्हणाली. मग बोट कडेवर थांबलं. पुढे गेलं, परत मागे आलं. कुसळ लागलं होतं. तिने सवयीने पाटी उलटी केली, पाठ कशी आहे ते बघायला. पाठीचा विचारच पाटीवाल्यांनी केला नव्हता. तिथे मुळाक्षरं होती, कापताना निम्मी तुटलेली. ताईने त्यांच्यावरून बोट फिरवलं. कुठेही कुसळ नव्हतं.

"ही आपली फळी," ती सावकाश म्हणाली. "ही तू कोरलीस." तिने पाटी सुलटी केली. "आणि ही कुणी?"

"मीच."

"लाकूड न फिरवता तू कधी काम केलं नाहीस, बाळ."

बायको पदराशी चाळा करत खाली बघत राहिली. भाच्याला काही कळेना. ताईने पाटी मांडीवर ठेवली आणि दोन्ही हात पुढे केले. आता पळायला जागा नव्हती. पाटीवाल्यांनी आपले हात तिच्या हातात दिले आणि ते तिच्या तळव्यात थरथरत राहिले. तिने दाबून धरले, तरी थांबेनात.

"कधीपासून?"

"झालं वर्ष."

"म्हणून येत नव्हतास." ताई म्हणाली. "मला वाटलं, आंधळीचा कंटाळा आला तुला."

पाटीवाल्यांनी मान हलवली, पण ती तिला दिसणार कशी? शेवटी कसंबसं "नाही गं ताई" एवढंच आलं. ताईने त्यांच्या अंगठ्यावरच्या पट्टीवरून बोट फिरवलं, अजून थोडा वेळ हात धरून ठेवले आणि मग नाक पुसलं.

"पॉलिश पेपर आणलायस?"

आणला होता. ताई उंबऱ्यात बसली आणि एकेक कड घासत राहिली. बोटाला काही लागेनासं झालं तेव्हा ती उठली. भाचा स्क्रूड्रायव्हर घेऊन पुढे आला, तर म्हणाली, "तू थांब. ह्याला बघता येतं, मला पिळता येतं. दोघांचं मिळून होईल." मग पाटीवाले बाजूला उभे राहून सांगत होते, जरा वर, जरा उजवीकडे, हं, आता पीळ, आणि ताई स्क्रू पिळत होती. पाटी दारावर बसली, मुळाक्षरं आत दाराकडे तोंड करून.

"आता सगळे बाजूला व्हा," ताई म्हणाली.

ती गॅलरीतून भिंतीला हात लावत निघाली, पार जिन्यापर्यंत. भाचा दोन पावलं पुढे झाला, तशी मामीने त्याचा दंड धरला. ताई वळली. परत येताना एका दारावर हात गेला, गुळगुळीत. पुढे गेली. दुसऱ्या दारावर थांबली, पाटी चाचपली, पुढे गेली. पाटीवाल्यांना ओरडून सांगावंसं वाटत होतं की अजून एक, अजून एक. तिचा हात त्यांच्या पाटीवर आला. बोट कान्यावरून उतरलं, ईच्या पोटात शिरलं, आणि तिथेच राहिलं.

"हं," ती म्हणाली. आत गेली आणि तिने दार लावून घेतलं. आतून कडी घातल्याचा आवाज आला.

बाहेर तिघं एकमेकांकडे बघत उभे. "आई, अगं आम्ही बाहेर आहोत," भाचा म्हणाला.

"ठाऊक आहे. बाळाला म्हणावं, बेल वाजव. वर्षाने येतोय, पाहुणा आहे तो."

पाटीवाल्यांनी बेलवर बोट ठेवलं. बोट कुठलं स्थिर राहायला. बेल तुटक तुटक, अडखळत वाजली. त्यांनी ओशाळून हात मागे घेतला. आतून कडी निघाली.

"अशीच वाजवत जा," दार उघडत ताई म्हणाली, "म्हणजे कोण आलंय ते मला कळेल."